कामशेत येथील एका जुन्या सुवाह्य संगणकाचा जीर्णोद्धार

कामशेत येथें राहणारे आमचे एक दिवंगत स्नेही यांनीं मावळांतील जुन्या घरांतून मोडी कागद पाहून त्यांच्या बालबोध नकला केल्या होत्या. ह्या नकला कागदावर नव्हत्या. एका सुवाह्य संगणकांत, ज्यास सर्वत्र लॅपटॉप म्हणतात त्यांत, होत्या. तो संगणक बंद पडून बरींच वर्षें लोटलीं. गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर तो आमच्या हातीं आला, व त्याची कार्यप्रणाली पूर्ववत् करून आंतील मजकूर वाचण्यांत आम्हांस बव्हंशीं यश आलें. त्याची हकीकत येथें देण्याचें कारण असें कीं, अशीं यंत्रें सांप्रत अनेक संग्राहकांच्या घरीं माळ्यावर पडून आहेत. आणि कागदास कसर लागली असतां काय करावें हें उत्तम जाणणारा संग्राहकही यंत्र बंद पडलें कीं तें भंगारांत देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुरुस्तीस देतो.

स्नेह्यांची कामाची रीत अशी होती. नोकरींतून मोकळे झाल्यावर, १९९९ पासून २००४ पर्यंत, ते नाणे मावळ, अंदर मावळ व पवन मावळ ह्या तिन्ही खोऱ्यांतील ओळखीच्या घरीं जात. दफ्तर घराबाहेर जाऊं द्यावयास मालक सहसा राजी नसतात, हा अनुभव वाचकांपैकीं बहुतेकांस असेलच. म्हणून ते यंत्रच दफ्तरापाशीं नेत. रुमाल ओसरीवर सोडावयाचा, एकेक कागद वाचून तेथेंच नक्कल उतरावयाची, आणि रुमाल होता तसा बांधून परत द्यावयाचा. यंत्राचें वजन तीन किलोच्या आसपास. बॅटरी दीड-दोन तास टिके. त्यामुळें एका बैठकींत त्याहून अधिक काम होत नसे, आणि ते स्वतः म्हणत कीं मोडी वाचतांना डोळे खरे असतात तेही तेवढाच वेळ. ज्या घरांतून हे कागद पाहिले त्यांपैकीं एका घरची भिंत पुढें ओल मुरून फुगली व आंतला रुमाल वाळवीनें खाल्ला. त्यांत पाटिलकीच्या तंट्याचा एक महजर होता. मूळ नष्ट झाल्यावर त्या महजराचा आम्हांस ठाऊक असलेला एकच साक्षी उरला, तो हा संगणक.

स्नेह्यांच्या मागें यंत्र लोखंडी कपाटांत पडून राहिलें. कुटुंबीयांनीं तें एकदां सुरू करून पाहिलें, तेव्हां काळ्या पडद्यावर इंग्रजींत एवढेंच उमटलें कीं, डिस्क वाचतां येत नाहीं, ती बदलून कोणतीही कळ दाबावी. जवळच्या शहरांतील एका दुरुस्तीवाल्यानें सल्ला दिला कीं, डिस्क पुसून तींत नवी प्रणाली घालावी, म्हणजे यंत्र चालेल. यंत्र चाललें असतें यांत शंका नाहीं. पोथीचीं पानें फेंकून दिलीं तर फळ्या आणि वेष्टन पुन्हां वापरतां येतें, तशांतला हा सल्ला! स्नेह्यांच्या कन्येस तो पटला नाहीं, हें आपणां सर्वांचें भाग्य. आम्ही संस्कृताचे शिक्षक. यंत्रविद्या आमची नव्हे. परंतु आमचा एक जुना विद्यार्थी हिंजवडीस संगणकाच्या व्यवसायांत आहे, त्यानें दर रविवारीं कामशेतास येऊन काम केलें, आणि आम्ही शेजारीं बसून प्रत्येक पायरी वहींत टिपली. पुढील मजकूर त्या वहीवरून दिला आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. संगणकाची कळ दाबतांच एका चिपेंत कायमची कोरलेली लहानशी आज्ञावली जागी होते, यंत्राचे अवयव तपासते, आणि डिस्कवरील अगदीं पहिला कप्पा वाचते. हा कप्पा ५१२ बाइटांचा, म्हणजे ५१२ संकेतांचा, असतो व त्याच्या शेवटच्या दोन संकेतांची खूण ठरलेली असते. मराठेशाहींतील पत्राच्या अखेरीस मोर्तब असे, तसाच हा प्रकार. मोर्तब नसेल तर यंत्र तो कप्पा प्रमाण मानीत नाहीं. त्या कप्प्यांतील सूचनेवरून डिस्कचा कोणता भाग उघडावयाचा तें कळतें, त्या भागाच्या आरंभींची आज्ञावली आयओ-सिस नांवाची फाइल शोधते, ती फाइल पुढच्यांस जागें करते, आणि अशा परंपरेनें शेवटीं नित्याचा पडदा दिसूं लागतो. परंपरेंतील एक दुवा तुटला तरी सर्व थांबतें. वापरणारास वाटतें कीं सारेंच गेलें. वस्तुतः त्यानें लिहिलेलें बहुधा जागच्या जागीं असतें.

ह्या यंत्रांतील प्रणाली विंडोज ९८ ही होती, आणि तिचीही १९९९ सालीं निघालेली दुसरी आवृत्ति. मायक्रोसॉफ्टनें तिची देखभाल ११ जुलै २००६ रोजीं थांबविली.

विद्यार्थ्यानें पहिली गोष्ट केली ती ही कीं, यंत्र सुरू केलें नाहीं. बॅटरी काढली, पाठीमागचे स्क्रू सोडवून अडीच इंची डिस्क बाहेर घेतली, आणि जोडणी लावून ती एका नव्या संगणकास केवळ वाचनापुरती जोडली. ‘केवळ वाचनापुरती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नव्या विंडोज प्रणालींस डिस्क जोडली कीं त्या न विचारतां तिच्यावर आपली कांहींतरी नोंद करून ठेवतात. पाहुण्यानें पोथी पाहतां पाहतां समासांत आपलें नांव लिहावें तसें. म्हणून लिनक्स प्रणाली वापरून लेखनास बंदी करण्यांत आली. नंतर डीडी-रेस्क्यू ह्या आज्ञावलीनें डिस्कची आरंभापासून अखेरपर्यंत कप्प्यामागून कप्पा अशी तंतोतंत नक्कल घेतली. ही आज्ञावली सुबुद्ध लेखकाप्रमाणें वागते: जें सहज वाचतां येतें तें आधीं उतरून घेते, अडलेलीं स्थळें नोंदून पुढें जाते, आणि सर्व झाल्यावर अडलेल्या स्थळांकडे पुन्हां पुन्हां वळते. मरणोन्मुख डिस्क प्रत्येक वाचनानें झिजत असते, म्हणून हा क्रम. सहा गिगाबाइटांच्या त्या डिस्कला चार तास लागले. नकलेचा गणितानें एक ठसा काढून ठेवला. एक संकेत जरी पुढें बदलला तरी ठसा जुळणार नाहीं. यानंतर मूळ डिस्क आम्ही कोरड्या डब्यांत बंद करून ठेवली ती आजतागायत उघडली नाहीं.

भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें झालें. सुकथनकरांनीं १९२५ पासून त्याची जी शिस्त घातली, तींत साक्षीभूत प्रतींचें प्रामाण्य पहिलें आणि संपादकाची कल्पना शेवटचा उपाय. ती शिस्त ज्यानें एकदां अंगीं बाणविली, त्यास डिस्कच्या बाबतींत निराळें कांहीं शिकावें लागत नाहीं. मूळास हात लावूं नये. जें करावयाचें तें नकलेवर करावें. आणि काय केलें तें लिहून ठेवावें.

नक्कल घेतांना मोजके कप्पे अखेरपर्यंत वाचले गेले नाहींत. त्यांपैकीं एक आयओ-सिस फाइलींतला होता. पडद्यावरील ओळीचें कारण तेंच. दुसरा डिस्कच्या अनुक्रमणिकेंत होता. कोणती फाइल कोणकोणत्या ठिकाणीं विभागून ठेवली आहे तें सांगणारा हा तक्ता. सुदैवानें त्या काळच्या रचनेंत ह्या तक्त्याच्या दोन प्रती शेजारीं शेजारीं ठेवीत. पहिल्या प्रतींतील खंडित जागा दुसऱ्या प्रतीवरून भरून निघाली, आणि जेथें दोन्ही शाबूत होत्या तेथें त्या परस्परांशीं ताडून पाहिल्या. भेद आढळला नाहीं. तिसऱ्या कप्प्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे. बाकीचे रिकाम्या जागेंत पडले होते.

आतां यंत्राच्या पोटांत काय घालावयाचें हा प्रश्न. जुन्या जातीची डिस्क मिळते, पण तीही तितकीच वृद्ध असते. विद्यार्थ्यानें छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांत पूर्वीं असे तें कॉम्पॅक्ट-फ्लॅश कार्ड घेतलें. तें साध्या जोडणीनें ४४ टांचण्यांच्या जुन्या खांचेंत बसतें व यंत्र त्यास डिस्कच समजतें. त्यावर नकलेची नक्कल उतरली आणि विंडोज ९८ च्या आरंभफ्लॉपीवरून यंत्र उठवून ‘सिस’ ही आज्ञा दिली. ह्या आज्ञेनें उठावणीच्या मूळ फाइली तेवढ्या फ्लॉपीवरून नव्यानें लिहिल्या जातात. वापरणाराच्या लेखनास धक्का लागत नाहीं. येथें एक खांच आहे. फ्लॉपी त्याच आवृत्तीची हवी. पहिल्या आवृत्तीचा अंक ४.१०.१९९८ व दुसरीचा ४.१०.२२२२ असा आहे. नांव एकच म्हणून एकीचे भाग दुसरींत मिसळले तर यंत्र अर्ध्या वाटेवर अडतें. आमच्याजवळची पहिली फ्लॉपी चुकीच्या आवृत्तीची निघाली व एक रविवार फुकट गेला.

दुसऱ्या रविवारीं यंत्र उठलें, पण तक्रार करूं लागलें कीं रजिस्ट्री बिघडली आहे. रजिस्ट्री म्हणजे प्रणालीचें जमाखर्ची बाड: कोणता टंक कोठें आहे, कोणती आज्ञावली कशी बसविली आहे, याच्या सर्व नोंदी तींत असतात. विंडोज ९८ दिवसांतून एकदां, यंत्र उठतांना, ह्या बाडाची नक्कल काढून ठेवी व अशा पांच नकला सांभाळी. ‘स्कॅनरेग’ आज्ञेनें त्या पांचांची यादी पुढें आली. चार नकलांवर २००४ सालच्या तारखा होत्या. पांचवीवर १ जानेवारी १९८०. यादीवरून पाहतां ही सर्वांत जुनी, आणि म्हणून अजिबात निरुपयोगी किंवा अजिबात निर्दोष, असें कोणीही म्हणेल. पण त्या दिवशीं हा संगणक नव्हता, विंडोज नव्हतें, आणि स्नेही कचेरींत होते. ह्या जातीच्या यंत्राच्या काळगणनेचा आरंभच १९८० पासून होतो. आंतील घड्याळाचा ३ व्होल्टचा चपटा सेल मेला कीं घड्याळ तेथें जाऊन बसतें, आणि त्या दिवशींच्या सर्व लेखांवर शके १९०१ च्या पौषांतला तो एकच दिवस पडतो. म्हणजे जी नक्कल सर्वांत प्राचीन दिसत होती ती सर्वांत अर्वाचीन होती, आणि बिघाड बहुधा तिच्यांतच होता. यादींतही तिच्यापुढें ‘सुरू न झालेली’ असा शेरा होता. आम्ही २००४ मधील शेवटची नक्कल घेतली व पडदा उजळला. त्यावर स्नेह्यांनीं लावलेलें बेडसें लेण्याचें छायाचित्र होतें.

तारखांविषयीं आणखी थोडें. नकलांच्या फाइलींपैकीं कांहींवरही तीच १९८० ची तारीख आहे. त्या स्नेह्यांच्या अखेरच्या कामाच्या आहेत हें आंतील संदर्भांवरून सिद्ध होतें, कारण त्यांत आधींच्या नकलांचे क्रमांक दिले आहेत. खोट्या तिथीच्या कागदास आपण जशी अंतर्गत प्रमाणें लावतों तशीं येथेंही लावावीं लागतात. आणि एक गंमत: ह्या जुन्या रचनेंत फाइल शेवटची बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांनीं मोजली जाते, म्हणून तींत विषम सेकंद येऊंच शकत नाहीं. कोणी अशा डिस्कवरील म्हणून दाखविलेल्या फाइलीच्या वेळेंत ३७ वा सेकंद दिसला, तर ती मागाहून दुसऱ्या यंत्रावर हाताळली गेली असें समजावें. आम्ही नवा सेल घालून तारीख बरोबर केल्यावरच पुढें गेलों. तसें न केल्यास जीर्णोद्धाराचें कामही १९८० त जमा होतें.

नकला उघडल्या, पण सूची उघडेना. स्नेह्यांनीं सर्व कागदांची सूची एका मराठी आज्ञावलींत केली होती, आणि अशा आज्ञावल्या त्या काळीं कुलुपासह विकत. कुलूप म्हणजे आंगठ्याएवढी एक चपटी डबी. ती छपाईयंत्राच्या २५ टांचण्यांच्या खांचेंत लावल्यावांचून आज्ञावली चालत नसे. नव्या संगणकाच्या पोटांत जुन्या संगणकाचें सोंग उभें करणाऱ्या आज्ञावल्या आतां मिळतात, व नकलांपुरतें त्यांनीं भागलेंही असतें. पण हें कुलूप त्या सोंगास ओळखीना. मूळ यंत्र उठविण्याचा खटाटोप सार्थ झाला तो येथें. डबी कोठें असेल तें कोणासच ठाऊक नव्हतें. शेवटीं ती शिवणाच्या डब्यांत, बटणांच्या खालीं सांपडली. वाचकांस विनंती आहे कीं, अशा यंत्राबरोबरच्या ज्या वस्तूंचा उपयोग कळत नाहीं त्या आधीं जपाव्या.

आतां लिपीचा प्रश्न. आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा. देवनागरी संगणकांत आणण्याचें मोठें काम पुण्यास झालें. कानपूरच्या आयआयटींत आरंभ झालेलें जिस्ट नांवाचें तंत्र १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेंत वाढलें, आणि १९९१ सालीं आय. एस. १३१९४ हें भारतीय संकेतमान ठरलें, ज्यास इस्की म्हणतात. त्यांत प्रत्येक वर्णास एक अंक दिला होता. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही त्याच वंशांतली. परंतु विंडोज ९८ ला स्वतःहून देवनागरी येत नव्हती. ती सोय विंडोज २००० पासून आली. मधल्या काळांत टंक करणारांनीं युक्ति केली ती अशी कीं, रोमन अक्षरांच्या आसनांवर नागरीचे तुकडे बसविले. सुरेख, योगेश हे टंक पुष्कळांस आठवत असतील. पडद्यावर मराठी दिसे, पोटांत मात्र रोमन अक्षरांचे व चिन्हांचे अंक असत. टंक काढून घेतला कीं महजराचा मजकूर म्हणजे निरर्थक रोमन अक्षरांची रांग. आणि एका टंकाचे तुकडे ज्या आसनांवर, त्याच आसनांवर दुसऱ्याचे निराळे. म्हणजे टंक हीच लिपीची किल्ली. ती हरवली तर मजकूर शाबूत असूनही अवाच्य.

शिवाय हे तुकडे उच्चाराच्या क्रमानें नव्हे, डोळ्यांस दिसतील त्या क्रमानें साठविलेले असतात. ‘मिती’ ह्या शब्दांत ऱ्हस्व वेलांटी मकाराच्या आधीं येते, आणि ‘वर्ष’ ह्यांतला रफार षकाराच्या नंतर. पाणिनीच्या शिष्यास हें पाहून शिसारी येते, पण मोडी लेखकास आली नसती. युनिकोडमध्यें आणतांना हा क्रम फिरवावा लागतो. विद्यार्थ्यानें त्यासाठीं तयार आज्ञावली वापरली, व ती बहुतेक ठिकाणीं बरोबर चालली. चुकली ती मराठीच्या खास जागीं. ‘खोऱ्यांत’ मधील अर्धा र आडवा असतो. आज्ञावलीनें त्याचा रफार करून सर्वत्र ‘खोर्यांत’ केलें. मावळच्या कागदांत हा शब्द पानोपानीं येतो! ‘दऱ्या’ व ‘दर्या’ यांत तर अर्थच बदलतो. डोंगरांतला वादी समुद्रावर जातो. म्हणून आम्ही जुन्या यंत्राच्या पडद्यावरील प्रत्येक पानाचें छायाचित्र घेऊन नवी प्रति अक्षरशः ताडली. हें काम यंत्राचें नव्हे. तें आम्ही दोघांनीं, एकानें वाचून व दुसऱ्यानें पाहून, जुन्या पद्धतीनेंच केलें, आणि त्यास सगळ्या जीर्णोद्धाराहून अधिक वेळ लागला.

विलायतेंतील एक गोष्ट येथें आठवते. १०८६ सालच्या डूम्सडे बुक ह्या जमीन-पाहणीच्या नऊशेंव्या वर्षाच्या निमित्तानें बीबीसीनें १९८६ सालीं नवी पाहणी करून ती लेसर-तबकड्यांवर भरली. पुरतीं वीस वर्षें होण्यापूर्वींच त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, व मजकूर सोडविण्यास विद्वानांस खास प्रयत्न करावे लागले. चर्मपत्रावरील मूळ पाहणी मात्र आजही वाचतां येते.

आतां तिसऱ्या कप्प्याविषयीं. तो नेमका महजराच्या नकलेंत पडला. ५१२ संकेत गेले. तुकड्यांच्या हिशेबानें सुमारें दोनशें अक्षरें. जागा पाहिली तर गोताच्या साक्षीदारांच्या यादीच्या मध्यावर. आम्ही तेथें कोरी जागा सोडून थांबणार होतों. परंतु कपाटांतील फ्लॉपींपैकीं एकींत त्याच महजराचा पहिला खर्डा निघाला. फ्लॉपीला मावळच्या हवेची बुरशी चढली होती. ती न पुसतां वाचूं नये, नाहींतर वाचणारें यंत्रही बिघडतें. पुसून, नक्कल घेऊन पाहतां गेलेल्या भागांत सात नांवें मिळालीं. त्यांतील पांच निःशंक आहेत. दोहोंपुढें स्नेह्यांनीं प्रश्नचिन्ह घातलें आहे. इतरत्र जेथें खर्ड्यांत प्रश्नचिन्ह होतें, तेथें पक्क्या प्रतींत त्यांनीं पुन्हां मूळ पाहून वाचन निश्चित केलेलें दिसतें. म्हणजे ह्या दोन नांवांचेंही खरें वाचन त्यांस लागलें असावें, व तें त्या एका कप्प्यांत होतें. मूळ कागद नाहीं, वाचणारा नाहीं, कप्पा वाचला जात नाहीं. खर्ड्यांतील पाठ आम्ही कंसांत, प्रश्नचिन्हांसह, जसेच्या तसे ठेविले आहेत. पहिलें नांव कोणतें असावें याची एक कल्पना आम्हांस सुचते, पण ती येथें लिहीत नाहीं.

सर्व नकला आतां युनिकोडमध्यें आहेत. मूळ डिस्कची तंतोतंत प्रतिकृति, तिचा ठसा, टंकांच्या फाइली, पडद्याचीं छायाचित्रें, व कोठें काय फिरविलें त्याची वही, हीं तीन निरनिराळ्या ठिकाणीं ठेविलीं आहेत. छापील प्रति साध्या कागदावर वेगळी काढली आहे. यंत्र, कार्ड व कुलूप स्नेह्यांच्या घरींच आहेत, आणि यंत्र पावसाळ्यांत उघडूं नये अशी चिठी त्यावर लावली आहे. महजराची नक्कल यथावकाश ह्या त्रैमासिकाकडे पाठविण्याचा विचार आहे. तत्पूर्वीं, अशा निवाड्याची दुसरी प्रति प्रतिपक्षाच्या किंवा देशमुख-देशपांड्यांच्या दफ्तरांत असण्याचा संभव असल्यामुळें, मावळांतील पाटिलकीचे महजर ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं साक्षीदारांची यादी तेवढी आम्हांस ताडून पाहूं द्यावी. कागद घराबाहेर काढण्याची गरज नाहीं. आम्ही तेथें येऊं.